चुलीजवळचं स्टेशन

लग्नानंतर नवऱ्याने मला एकच अवघड काम सांगितलं होतं: मधूनमधून 'नाही' म्हणायचं. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. आज माझ्या तोंडून 'नाही'शिवाय दुसरा शब्द निघत नाही अशी सुनांची तक्रार आहे, त्यामुळे ही गोष्ट त्यांना खरी वाटत नाही. पण तेव्हा मी नुकती अमरावतीहून अकोल्याला नांदायला आलेली, सातवी पास पोरगी. लोक म्हणतात डोक्यात शेण भरलंय. शेण निदान सारवायला कामी येतं. माझ्या डोक्यात नुसता भुसा होता.

हे रेल्वेत सांधेवाले होते. गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायची, झेंडी धरायची, सिग्नलचे कंदील पुसून तेल भरायचं. पण मॅट्रिक झालेले असल्यामुळे खात्याची परीक्षा देऊन त्यांना छोटे स्टेशनमास्तर होता येत होतं. एकदा देऊन नापास झालेले. आणखी एकदाच बसता येणार होतं, त्यानंतर नाही. आमच्या वस्तीतले लोक सरकारी नोकरीत लागले होते, कोणी पोस्टात, कोणी शाळेत. पांढऱ्या कोटातला मास्तर मात्र अजून कोणी झाला नव्हता. यांच्या परीक्षेवर सगळ्या वस्तीचा डोळा होता आणि माझा डोळा मास्तरांच्या क्वार्टरवर. तिथे नळ होता. मी मनातल्या मनात त्या नळाखाली कितीदा लुगडी धुतली असतील. पायात चपला घालून प्लॅटफॉर्मवरून कसं चालायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. चपला अजून घ्यायच्या होत्या.

परीक्षेत पुस्तकातलं यांना सगळं येई. पहिल्या वेळी अडलं ते गाड्यांच्या खोलीत. दूरच्या गावी रेल्वेची शाळा होती, तिथे एका लांबच लांब टेबलावर लहान रूळ, लहान स्टेशनं, लहान इंजिनं. परीक्षा देणाऱ्याने एका स्टेशनात बसून गाड्या घ्यायच्या आणि सोडायच्या. पलीकडच्या स्टेशनात दुसरा माणूस. मधे पडदा. बोलणं फक्त फोनवर.

म्हणून यांनी ते टेबल आमच्या घरात मांडलं. सारवलेल्या जमिनीवर चुन्याने रूळ काढले, बाहेरच्या खोलीतून थेट चुलीपर्यंत. काडेपेट्यांच्या गाड्या केल्या. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचे सिग्नल केले आणि ते पाडायला दोन विटांत तुरीची एक वाळकी काडी, तुराटी, दांडी म्हणून उभी केली. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून आमचा देवांचा कोनाडा रिकामा होता, त्यात काडेपेट्या ओळीने उभ्या राहू लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा. देव गेले, आता आगगाडी आली."

हे दाराआड बाहेरच्या खोलीत बसत. मी चुलीपाशी. पलीकडचं स्टेशन म्हणजे मी.

नियम साधा होता. लाईन एकेरी, तेव्हा दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. गाडी सोडण्याआधी इकडच्या मास्तराने पलीकडच्याला विचारायचं, लाईन मोकळी आहे का. पलीकडच्याने आपल्याकडे सगळं बघून, मोकळी असली तरच हो म्हणायचं आणि सोबत एक गुपित नंबर द्यायचा. तो नंबर लिहून घेतला की मग सिग्नल पाडून गाडी सोडायची. नंबर नाही तर गाडी नाही.

रात्रपाळी करून हे सकाळी येत, तोंडावर पाणी मारत आणि बसत.

"लाईन मोकळी हाय का?"

"हाय!" मी भाकर तव्यावर टाकता टाकता.

"नंबर?"

"एकवीस!"

सासूबाई दचकत. "कोनाच्या बापाच्या घरच्या एकवीस भाकरी वं? परातीत तं चारच दिसून रायल्या!"

नंबर दर वेळी वेगळा सांगायचा असतो. मला एकवीस आवडे, म्हणून मी एकवीस सांगे. हे हसत, म्हणत, "शाब्बास मास्तर!" नवरा मला मास्तर म्हणतो याचं मला केवढं कौतुक! त्या शब्दासाठी मी दिवसभर लाईन देत बसले असते.

एकदा त्यांनी मला नीट समजावलं. "हे पाय, मधातून मधातून नाई म्हनत जाय. तथी साहेब मुद्दाम नाई म्हनते."

"काहून नाई म्हनू? लाईन तं मोकळीच हाय."

"तुया स्टेशनातून गाडी निघाली असंन तं?"

"माया स्टेशनातून मी कोनाले निघू देत नाई."

"अवं, खोटंखोटं म्हनाचं!"

"खोटंखोटं कसं म्हनू? खरंच झालं तं?"

हे कपाळाला हात लावून बसले. मी मात्र गंभीर होते. परीक्षेला निघालेल्या माणसाला 'नाही' म्हणणं म्हणजे मांजर आडवं घालणंच की. आणि माहेरी शिकवून पाठवलं होतं, की नवऱ्याच्या शब्दापुढे नन्नाचा पाढा लावू नको. एवढं सगळं पाठ असलेली मी, नळाखालची लुगडी डोळ्यांपुढे ठेवून, कशाला नाही म्हणते?

तरी एका सकाळी मी ठरवलं होतं. आज म्हणायचंच. त्या दिवशी यांना डबल ड्युटी पडली होती. डोळे लाल, हाताला कंदिलाची काजळी. "लाईन मोकळी हाय का?" मी 'नाई' तोंडापर्यंत आणलं आणि दाराच्या फटीतून पाहिलं. तुराटीवर हात ठेवून हे बसल्या बसल्या पेंगत होते. म्हटलं, यांना कशाला थांबवू? सुटू दे गाडी, जेवू दे, निजू दे.

"हाय. एकवीस."

पुढे पुढे हे इतके तरबेज झाले की 'मोकळी हाय का' आणि तुराटी पडल्याचा आवाज एकदमच येऊ लागला. माझं उत्तर मागून पोहोचे. मी ते ऐकलं होतं, बरं का. माझ्या कानांत दोष नव्हता. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "तुमी तं लय फास्ट झाले!" आणि यांनी मिशीवरून हात फिरवला.

परीक्षेला गेले तेव्हा वस्तीतली माणसं स्टेशनावर पोचवायला आली होती. सासूबाईंनी ज्वारीच्या दशम्या बांधून दिल्या. मी काय केलं? शेजारणीला क्वार्टरमधला नळ दाखवायला घेऊन गेले. लांबूनच. कुंपणातून.

परतले तेव्हा कोणाला कळवलेलं नव्हतं. भर दुपारी, अकोल्याच्या त्या उन्हात एकटेच चालत आले, पिशवी खुंटीला लावली, पाणी प्याले. मी विचारलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं रे?" हे म्हणाले, "झालं."

मग जेवताना आपणच सांगू लागले. आधी त्या टेबलाचं. "एवढासा सिग्नल, आई, बोटाएवढा. पन खराखुरा पडते. इंजिन बिजलीवर चालते. पूल हाय, नाला हाय, झाडं लावली हायेत." सांगताना चेहरा क्षणभर उजळला होता, आणि तेच मला बघवत नव्हतं.

सगळ्या गाड्या नीट निघाल्या होत्या. शेवटी मोठे साहेब स्वतः पलीकडच्या स्टेशनात जाऊन बसले. यांनी फोनवर विचारलं, लाईन मोकळी आहे का. साहेब म्हणाले, "थांबा." तोवर यांनी दांडी ओढली होती. खऱ्या स्टेशनात असतं तसं त्या टेबलावर दांडीला कुलूप नसतं, माणूस थांबतो की नाही तेच बघायचं असतं. यांचं लहान इंजिन निघालं. पलीकडून साहेबांनी आधीच एक सोडलेलं होतं. पुलावर दोन्ही समोरासमोर आली तेव्हा साहेबांनी मधे नुसता पंजा ठेवला.

मग पडद्याअलीकडे येऊन साहेबांनी यांच्यापुढचा कागद उचलला. त्यावर नंबर लिहिलेला होता. एकवीस.

"हा तुम्हाला कोणी दिला?" साहेबांनी विचारलं.

बायकोने दिला असं हे कसं सांगणार? न मिळालेला नंबर लिहिणं म्हणजे रेल्वेत पापच. साहेब ओरडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, पुलावर माणसं असतात, आणि पुढच्याला आत बोलावलं.

एवढं ऐकून सासूबाई उठल्या आणि बाहेर जाऊन बसल्या. वस्तीत सांगायचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

हे शेवटपर्यंत सांधेवालेच राहिले. यांच्यामागून लागलेली, यांच्याहून लहान पोरं पांढरे कोट घालून मास्तर म्हणून आली, आणि हे त्यांना सलाम करून कंदिलात तेल भरत राहिले. पुढे आमच्या वस्तीतल्या एका पोराने परीक्षा दिली, पण आमच्याकडे कोणी शिकायला आलं नाही. यांनीही कोणाला बोलावलं नाही. मला नळ मिळाला तो पुष्कळ उशिरा, मुलाच्या घरात, आणि त्याला पाणी एक दिवसाआड येतं.

त्या दुपारी मात्र मी ताटं उचलायची सोडून चुलीपाशी रडत बसले होते. रडता रडता म्हणाले, "मायानंच झालं सारं. मी नाई म्हनाले पायजे होतं." मला वाटलं हे म्हणतील, जाऊ दे, तुझं काय चुकलं. किंवा चिडतील, एखादं ताट फेकतील. यांनी हात धुतले, धोतराला पुसले, दाराला टेकून बसले आणि माझ्याकडे न बघता, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं म्हणाले:

"तू नाई म्हनली असती तं मी तुयासंगं भांडलो असतो. पन भांडासाठी का होईना, थांबलो असतो."