रेइनो कालुंकीचा लार्ज सूट

रेइनो कालुंकीच्या पोटाबद्दल गावात दोन मतं होती. एक रेइनोचं, दुसरं उरलेल्या गावाचं. रेइनोच्या मते ते जहाजांत खनिज भरायच्या धक्क्यावर पस्तीस वर्षं राबून कमावलेलं बळ होतं. गावाचं मत गाव त्याची पाठ वळल्यावर सांगायचं.

मे महिन्यात सुपीरियर सरोवरावरचा बर्फ फुटला, की खाडीत बुडालेल्या जुन्या लाकूडवाहू जहाजापाशी कुणाला तरी उतरावं लागतं. सत्तर फूट खाली जाऊन तिथल्या साखळीला दोर बांधायचा, म्हणजे वर तरंगता पिवळा बोया डोलू लागतो आणि उन्हाळाभर बाहेरगावचे पाणबुडे त्याला आपल्या बोटी बांधतात. हा दोर बावीस वर्षं रेइनोच बांधत आला होता. धक्का बंद पडला, बायको एका कौलं शाकारणाऱ्याबरोबर निघून गेली, उरला तो दोर. तोही सुटला, तर पोस्टाच्या पायरीवर बसून हवामानावर बोलणाऱ्या म्हाताऱ्यांत आणखी एकाची भर पडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमका त्याचा पाण्यात उतरायचा जुना रबरी वेटसूट काखेत फाटला.

पाणबुड्यांचं दुकान ऐली तेर्वोचं, बोटही तिचीच, त्यामुळे गावच्या पाणबुड्यांच्या मंडळात शब्दही तिचाच. तिनं टेप लावून छाती मोजली, पोट मोजलं आणि दोन मापं मोठा सूट काढून ठेवला. रेइनोनं जुन्या सुटाची चिठ्ठी दाखवली. तिच्यावर लार्ज लिहिलं होतं.

"तो तुझ्याबरोबर वीस वर्षं ताणला गेलाय, रेइनो," ऐली म्हणाली. "बायको तरी वेळेवर निघून गेली. ह्या बिचाऱ्याला फाटावं लागलं."

मग तिनं तुझ्या जावयासारखा कोरडा सूट घे, असंही सुचवलं. रेइनोचा जावई डर्क पाणीच आत न शिरणाऱ्या सुटात डुबतो. रेइनो म्हणाला, पिशवीत बसून पाण्यात जायला मी काय बटाटा आहे? आणि लार्ज काखोटीला मारून निघाला. बसला नाही तर परत आण, एवढं ऐलीनं बजावलं.

आता असा सूट घालून कुठे बघावा? कोरड्या अंगानं, थंड खोलीत. पण आमच्याकडचा माणूस शनिवारी सौनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीतून, बाहेर आला, की त्याला जगातली कुठलीही गोष्ट जमेलशी वाटते. रेइनोनं सूट सौनाच्या बाहेरच्या खोलीत टांगला, तासभर वाफ घेतली आणि निथळत्या अंगानं तो चढवला. उबेनं रबर मऊ झालेलं, अंग ओलं. सूट लोण्यावरून सुरी फिरावी तसा बसला. त्यानं डर्कसमोर दोनदा बैठका मारून दाखवल्या.

डर्कला कळत होतं, की थंड पाण्यात हेच रबर फळीसारखं होणार. त्यानं ऐलीला फोन करून विचारलं, सांगू का?

"कशाला?" ऐली म्हणाली. "आपण सांगून तो दोर सोडणार आहे का? सूट सोडवेल."

डर्क गप्प बसला. दोर रेइनोनंतर त्याच्याकडेच येणार होता. तिकडे रेइनो गावभर सांगत सुटला, की या वर्षी दोर बांधता आला नाही, तर पुन्हा मागणार नाही.

दोर बांधायच्या दिवशी सकाळी बोटीवर वारा बोचत होता. सूट चढवायला चाळीस मिनिटं लागली. चेन ओढायला दोघं लागले, तेव्हा रेइनोचं तोंड बीटासारखं झालं होतं. कोपर वाकत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, अगदी बेतून शिवल्यासारखा दिसतोय. रेइनोला ते खरं वाटलं.

तीस फुटांवर सुटाची गळपट्टी आवळली. श्वास अर्धाच आत जायचा. चाळीस फुटांवर डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली जहाजाची काळी कड दिसत होती, साखळीही दिसत होती, पण हातातला दोर कधी सुटला ते त्याला कळलं नाही. तो वर आला.

डेकवर चेन उघडेना. तो माशासारखा तोंड वासत होता. ऐलीनं मासे कापायची कात्री घेतली आणि कोरा सूट गळ्यापासून बेंबीपर्यंत फाडला. पोट बाहेर आलं.

"लार्ज," ऐली म्हणाली.

सगळे हसले. डर्क सर्वांत उशिरा हसला, पण सर्वांत जास्त वेळ. मग तो उतरला आणि अकरा मिनिटांत दोर बांधून आला.

पुढच्या मे महिन्यात रेइनो न बोलावता बोटीवर आला. डर्कच्या कोरड्या सुटाची चेन पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत जाते. ती दुसऱ्यानंच लावावी लागते. ऐलीनं ते काम रेइनोला दिलं. बोटभर जरी उघडी राहिली, तर त्या पाण्यात माणूस किती वेळ टिकतो हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे त्याच्या बोटांकडे बघत होते.

रेइनोनं चेन शेवटपर्यंत ओढली. अंगठा फिरवून दोनदा तपासली आणि म्हणाला, "झालं."

डर्कनं मान हलवली. मग वळून त्यानं पाठ ऐलीपुढे केली.

"तूही जरा बघून घे," तो म्हणाला.