आण्णांनी सांगितलेला ध्रुव

मी स्कॉटलंडला निघाले त्या सकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीतलं सामान टेम्पोत भरून झालं आणि शेवटी माझी दुर्बीण उरली. "ती माज्यापाशी ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले माझे वडील ती मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले. टेम्पो पाटणकडे निघाला तेव्हा मी मोबाइलवर तिकीट तपासत होते. हात करायचा राहिला.

गावी त्यांनी ती गच्चीवर मांडली. दुर्बिणीखाली वेज लागते, म्हणजे तिरकी लोखंडी बैठक. तिचा कल गावाच्या अक्षांशाइतका, सतरा अंशांच्या जरा वर ठेवायचा, तोंड उत्तरेला करायचं आणि ध्रुव मधोमध येईपर्यंत बोल्ट फिरवत राहायचं. नाहीतर बघता बघता तारे निसटतात. माकडांच्या भीतीनं सगळं रोज खाली न्यावं लागे, म्हणून दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. हिवाळ्यात शुक्रवारी तिथं संध्याकाळचे साडेसात, तेव्हा एडिंबरात माझ्या ऑफिसात दुपारचे दोन. सँडविच खात मी फोनवरून सांगायचे.

"डावा बोल्ट अर्धा फेरा. आला?"

"थांब जरा... आला. मधोमध हाय."

इथं आठवडेच्या आठवडे ढग. माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही जाणताच, असल्या एका फोनवर आठवडा निघतो.

पहिल्या वर्षी या कामाला अर्धा तास लागायचा. दुसऱ्या हिवाळ्यात आण्णा दोन मिनिटांत "आला" म्हणू लागले. मला वाटलं, हात बसला. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. मीटिंगा वाढल्या होत्या.

मग आईचा फोन आला. गच्चीवरून उतरताना आण्णा जिन्यात पडले होते, खुबा मोडला होता. सांगलीच्या दवाखान्यात डोळेही तपासले. काचबिंदू. दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले, आता उपाय नाही.

"पण मागच्याच शुक्रवारी त्यांना ध्रुव दिसला!"

"आगं, त्यास्नी जिना दिसंना झालाय, ध्रुव कुठला दिसतोय? मला शपथ घातलीती."

मी गावी गेले. आण्णा खाटेवर आढ्याकडे तोंड करून पडले होते. मी रागानंच विचारलं, "खोटं का बोललात? वेळेत दाखवलं असतं तर..."

त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाले, "दिसत न्हाई म्हटलं असतं, तर तू फोन कशाला केला असतास?"

"माझ्याकडे एडिंबराला चला," मी म्हटलं, तर आई-आण्णा दोघंही नको म्हणाले. रजा संपली, मी परतले. आता रोज फोन करते. बोलायला विषय सापडत नाही. इथलं हवामान सांगते, ते "बरं" म्हणतात.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी पाटण सांगते. पण तिथल्या माणसाला माझ्याशी बोलायला खोटं कारण लागत होतं. ते घर मी नेमकं कधी सोडलं, तो दिवस मला सांगता येत नाही.