पुलावरची टोपी

हद्द पाळण्यात आमच्या पोलीस ठाण्यातल्या जमादारसाहेबांचा हात धरणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. उमरखेडात माझ्या गॅरेजला लागूनच त्यांचं घर. भाचीच्या लग्नाला दुसऱ्या तालुक्यात गेले, तर आधी तिथल्या ठाण्यात आल्याची नोंद करायला बसले. इकडे अंतरपाट धरून लोक मामाची वाट बघतायत! लेक पैनगंगेपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात दिलेली. ड्युटी संपवून तसेच माझ्या गाडीवर तिच्याकडे निघाले, की पुलाच्या मधोमध मला थांबवत, टोपी काढून काखेत घेत आणि म्हणत, "चाल आता मिस्त्री. इथून पुढं मी नुसता पाव्हना." सगळा बाजार या टोपीवर हसायचा, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात मोठ्यानं मीच.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत एका बियाणं-दुकानाच्या माणसानं गावोगाव बोगस सरकी विकली. माझ्या आपाच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, तीन एकरांत एक कोंब वर आला नाही. दुबार पेरणीचे दिवस हातातून चालले होते, आणि बियाणं बदलून मिळायचं तर तो माणूस थैल्यांसकट सापडायला हवा होता. आठवडी बाजारात जमादारसाहेबांनी त्याला हटकलं, तसा तो थैल्या मोटरसायकलवर टाकून पळाला. साहेब माझ्या मागं बसले. पुलावर पोचतो तर पठ्ठ्या पलीकडच्या टपरीवर निवांत चहा पितोय, आमच्याकडे बघून हसतोय. टोपीची गोष्ट त्यालाही ठाऊक होती. सवयीनं मी मधोमध ब्रेक दाबला आणि आपाची आठवण येऊन मला रडूच यायला लागलं.

"थांबला काहून बे?" मागून आवाज आला.

"साहेब, हद्द..."

"हद्द ठाण्याले हाय, पाठलागाले नाही. कायदा काय उगाच वाचून राह्यलो का मी? दाब गाडी."

टोपी त्यांनी डोक्यावर घट्ट बसवली. चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याची कॉलर साहेबांच्या मुठीत होती. मग मात्र त्याला आणि थैल्यांना घेऊन आधी तिथल्या ठाण्यात नोंद. त्यात दोन तास गेले. त्याच्या दुकानमालकानं घाबरून चांगलं बियाणं बदलून दिलं आणि आपाची पेरणी साधली.

रिटायर झाल्यावर साहेब कायमचे लेकीकडे निघाले. सोडायला मीच. पुलाच्या मधोमध मी आपणहून थांबलो. त्यांचा हात डोक्याकडे गेला. तिथं टोपी नव्हती. तोच हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

"चाल मिस्त्री," म्हणाले.

इतक्या वर्षांचा मिस्त्री मी, पण त्या दिवशी मला गाडी लवकर सुरू करता आली नाही.