वाटूरची अळी

त्या साहेबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका प्रयोगशाळेत त्या साहेबांच्या हाताखाली सहायक होते. कपाशीवरची बोंडअळी गावोगावी एकच आहे की वेगवेगळी, हे तिच्या डीएनएवरून ताडायचं काम आमच्याकडे आलं होतं. प्रत्येक गावातून अळ्या आणायच्या, स्पिरिटच्या बाटलीत ठेवायच्या आणि जेलच्या पातळ थरावर त्यांच्या डीएनएच्या पट्ट्या उमटल्या की त्या जुळतात का ते पाहायचं.

अळ्या आणायला निघालो त्या दिवशी नेमकी अंगारकी होती. साहेबांना राजूरच्या गणपतीला जायचं होतं, म्हणून जीप आधी तिकडं गेली. रांगेतच दुपार टळली. मग देवळाजवळच्याच एका वावरातून त्यांनी अळ्या वेचायला लावल्या आणि तीन बाटल्यांत वाटल्या. "एकीवर राजूर लिहा, एकीवर वाटूर, एकीवर जालना," म्हणाले. "अळी काय गावाची शीव बघून अंडी घालते?" मी मुकाट्यानं लिहिलं. नोकरी नवी होती.

तिन्ही बाटल्यांच्या पट्ट्या जुळल्या. न जुळून सांगतात कुणाला, एका वावरातल्या अळ्या त्या. अहवालात मात्र गेलं, जिल्ह्यात अळी एकच.

महिन्याभरानं वाटूरला शेतकऱ्यांची बैठक झाली. एक बाई उठल्या. स्वतःच्या हातानं औषध कालवून कपाशी फवारायच्या त्या. "साहेब, बराबर माप घेऊन फवारून राह्यले, पण अळी मरत न्हाई."

साहेब हसले. "राजूरला तीच अळी त्याच औषधानं मरते. मग चुकतं कोण? पाणी जास्त घालता तुम्ही."

सगळी बैठक हसली, बाईंचा दीर सगळ्यांत मोठ्यानं. मी साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून होते.

पुढच्या रविवारी मी एसटीनं वाटूरला गेले, बाईंच्या वावरातल्या अळ्या आणल्या आणि हातातलं काम बाजूला ठेवून जेल चालवलं. पट्ट्या राजूरशी जुळेनात. एवढ्यावरून औषध का लागू पडत नाही ते कळत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण 'अळी एकच' हे धादांत खोटं होतं. साहेबांनी जेलच्या फोटोकडं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "अहवाल गेला," म्हणाले, आणि सामान वाया घालवलं म्हणून वर मलाच झापलं. लाज कशी वाटली नाही या माणसाला?

फोटो घेऊन मी पुन्हा वाटूर गाठलं. बाई अंगणात भाजी निवडत होत्या. फवारणी आता दीर करायचा, बाईंच्या हाती माप द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं. मी सगळं सांगितलं, बाटल्यांसकट.

"ताई, बाटल्यांचं हे तुम्हाला बैठकीत माहीत व्हतं?"

"हो."

त्या परत भाजी निवडायला लागल्या.

"माझं माप बराबर व्हतं, हे मला ठाऊकच हाये," म्हणाल्या. "ज्यांना ठाऊक न्हाई, ते सगळे त्या दिवशी तुमच्यासमोर बसल्ते."