कारणाचा रकाना

हॅलोसर हे नाव पोरांनीच ठेवलेलं. वर्गात पाऊल टाकलं की सर तोंडभरून 'हॅलो' म्हणायचे आणि चाळीस पोरं बाकं बडवून 'हॅलो सर' म्हणायची. शाळा पोत्यांच्या गोदामाला चिकटून, वर पत्रे, आणि एकाही पोराच्या घरी इंग्रजीचा गंध नाही. अशा जागी हॅलोसरांनी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्याबद्दल त्यांची चारचौघांत वाहवा होती. ही सगळी वाहवा एका थापेवर उभी होती, हे त्यांना आणि त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

थाप पहिल्याच दिवशी मारली गेली. त्यांच्याआधी इंग्रजीच्या दोन शिक्षकांनी वर्षाच्या आत काढता पाय घेतलेला. पहिल्या बाकावरची एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, "सर, तुम्ही पण जाणार का?"

खरं तर टेकडीवरच्या मोठ्या शाळेने मुलाखत घेऊन त्यांना वाटेला लावलं होतं. दुसरीकडे कुठे डाळ शिजेना म्हणून ते इथे टेकले होते. पण सगळा वर्ग तोंडाकडे बघत होता, आणि सर बोलून गेले, "मोठी शाळा बोलवत होती मला. मी नाही म्हटलं. तुमच्यासाठी."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या परत कशा करणार? दरवर्षी शाळा उघडली की नव्या वर्गाला हे भाषण व्हायचं. हळूहळू त्यात नेमणुकीचं पत्र आलं, मग ते पत्र टराटरा फाडल्याचा प्रसंग आला. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला सरांनी 'चौकशी' नाव ठेवलं, कारण तिचे प्रश्न कधी संपायचेच नाहीत. नववीत ती इंग्रजीत पहिली आली, तेव्हा सरांनी तिला आपली डिक्शनरी बक्षीस दिली.

आणि दरवर्षी सुट्टी लागली की सर मोठ्या शाळेला टपालाने अर्ज धाडायचे. उत्तर कधी आलं नाही.

यंदा जाहिरातीत लिहिलं होतं, अर्ज समक्ष आणून द्यावेत. बायकोने शर्टाला इस्त्री करता करता विचारलं, "अहो, आता रिटायर व्हायला आलात. कशाला तो खटाटोप?"

"शेवटचा," सर म्हणाले. ते हे गेल्या वर्षीही म्हणाले होते.

मोठ्या शाळेच्या ऑफिसात रांग होती. सरांचा नंबर आला, त्यांनी पाकीट खिडकीतून आत सरकवलं आणि वर पाहिलं. पलीकडे चौकशी बसली होती. तिच्या केसांतही आता एखाददुसरा पांढरा दिसत होता.

"अगं, तू इथे?"

"चार वर्षं झाली, सर. टपाल मीच फोडते."

सरांनी चार वर्षं मनातल्या मनात मागे मोजली आणि त्यांचे कान तापले. गेल्याच वर्षी त्यांच्या शाळेने माजी विद्यार्थिनी म्हणून चौकशीला बोलावलं होतं. तिने समोरच्या पोरांना सांगितलं होतं, 'आपल्यासाठी सरांनी मोठी शाळा नाकारली.' तेव्हा सर खुर्चीत मान खाली घालून विनयाने हसले होते.

"म्हणजे तू ते बोललीस, तेव्हा..."

"तीन अर्ज वाचले होते."

"मग का बोललीस?"

"समोर पोरं बसली होती, सर. त्यांना काय सांगायचं होतं?"

मागच्या माणसाने घसा खाकरला. चौकशीने पाकिटातून अर्ज काढला आणि सवयीने रकाने तपासू लागली. सध्याची नोकरी सोडण्याचे कारण, या रकान्यावर तिचं बोट थांबलं. तिथे सरांच्या वळणदार इंग्रजीत दरवर्षीचंच वाक्य होतं. इथली मुलं मीडिऑकर आहेत, त्यांच्यात माझं ज्ञान वाया जातं.

"पहिल्या वर्षी हा शब्द मला अडला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "घरी जाऊन बघितला. तुम्ही दिलेल्या डिक्शनरीत. सुमार, असा अर्थ होता."

सरांना तिथून पळून जावंसं वाटलं. उभ्या जन्मात इतकी लाज वाटली नव्हती. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, पण ती शिक्का हातात धरून फक्त वाट बघत होती.

"घेऊ का अर्ज?" तिने विचारलं. "आजच शेवटची तारीख आहे. एक वाजता खिडकी बंद होते."

"थांब," सर म्हणाले. "एक शब्द बदलायचाय."

तिने अर्ज परत दिला, सोबत आपलं पेनही. सर बाजूच्या बाकावर बसले. मांडीवर अर्ज ठेवून त्यांनी तो शब्द खोडला, मग सगळं वाक्यच खोडलं. वरच्या कोऱ्या पट्टीत दुसरं काहीतरी लिहायचं होतं. त्यांनी चाळीस जणांचा वर्ग डोळ्यांपुढे आणला आणि एकेकाचा चेहरा बघत गेले. पेन तसंच राहिलं. एक वाजता चौकशीने खिडकी लावून घेतली, तेव्हाही सर तिथेच बसलेले होते.