पहिलीतली मुलगी आणि मारबतीची सकाळ

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात दहावीपुढे शिकलेला मी पहिलाच. डी.एड. केलं, नोकरी लागली, बी.ए. बाहेरून अजून चालूच आहे. लिहिण्याची सवय म्हणजे वरच्या ऑफिसला पाठवायच्या अहवालापुरती. तेव्हा घडलं तसं सांगतो, त्याहून जास्त काही जमणार नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात एका दोनशिक्षकी शाळेत मी प्रभारी मुख्याध्यापक होतो. दुसरे गुरुजी वयाने मोठे, निवृत्तीला आलेले. त्यांनी प्रभार नको म्हटला म्हणून तो माझ्याकडे आला. "मीटिंगा तू कर, मी पाढे घेतो," म्हणाले.

मुख्याध्यापक झालो म्हणजे आता शाळा आपण चालवणार, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात सकाळी फाटकाशी उभं राहायचं, हातपंप नीट आहे का बघायचं, खिचडी शिजली की मुलांच्या आधी आपण चाखायची. चाखायचा नियमच होता. सुरुवातीला ही फुटकळ कामं वाटली. मग हळूहळू दिवसातल्या त्याच वेळा आवडू लागल्या. शिकवताना मुलं माझ्याकडे बघायची. या वेळी मला मुलांकडे बघता यायचं.

पहिलीतली एक मुलगी मला तशीच दिसली. बाप गावातलाच, दुसऱ्याची धानाची शेती ठेक्याने करणारा. आई छत्तीसगडची. शाळा सुरू झाल्यापासून ही मुलगी एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला हात वर करायची. प्रार्थनेत ओठसुद्धा हलवत नसे. पण सगळे वर्गात शिरले की मागे राहून दारातल्या चपला जोडीजोडीने लावायची. कुणाची उलटी पडलेली सरळ करायची, मग आत यायची. मी ते रोज बघायचो.

"अरे, तू शाळा बघतोस का चपला?" दुसरे गुरुजी म्हणायचे.

"दोन्ही," मी म्हणायचो.

श्रावणात तालुक्याहून तपासणीला एक बाई आल्या. त्यांनी मुलीच्या मागे टाळी वाजवली, तिने वळून बघितलं. पोपटाच्या चित्रावर बोट ठेव म्हटलं तर ठेवलं. नाव मात्र सांगेना. बाईंनी बराच वेळ दिला. शेवटी म्हणाल्या, गोंदियाला न बोलणाऱ्या मुलांची निवासी शाळा आहे, तिथे ठेवा, लवकर ठेवलं तर शिकेल. शिफारस मुख्याध्यापकाने लिहून द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी आईबाप दोघं आले.

"देऊन टाका जी लिहून," बाप म्हणाला. "तिथं खाणं-राहणं हाय. इथं पोट्टे तिले मुकी मुकी म्हणून रायले."

आई दाराशी उभी होती. "मुक्की नइ हे गुरुजी," ती म्हणाली. "घर मा दिनभर गोठियाथे."

दिवसभर बोलत असते, असं ती सांगत होती. मी बापाकडे बघितलं.

"मायच्या कानात कुजबुजते, बस. म्या घरात आलो का चुप. माह्याशी एक शब्द नाई बोलली आजवर." मग बायकोकडे न बघताच म्हणाला, "जन्मभर मायच्या कानाशीच बसन का मंग?"

सहा वर्षांची मुलगी आईपासून दूर गोंदियाला जाणार की नाही, ते माझ्या एका कागदावर ठरणार होतं. बाईंना या विषयातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. बापाचंही खोटं नव्हतं. तरी लिहायला हात उठेना.

"पोळा होऊ द्या," मी म्हणालो. "मग लिहून देतो."

"काऊन जी? पोळ्यानं का होते?"

"काही नाही. पण तेवढं थांबा."

पुढचे दिवस मी नुसता बघत होतो. एकदा खिचडी चाखताना तिला बोलावून तिच्याही हातावर थोडी ठेवली. "मीठ बरोबर आहे का?" तिने विचार केला, आत गेली आणि मिठाच्या डब्यावर हात ठेवून उभी राहिली.

"पाहा आता," खिचडी शिजवणारी बाई म्हणाली. "सासू मेली तवा वाटलं, सुटली मी. हे नवीन आली."

मुलगी हसली. आवाज न करता, पण खांदे हलेपर्यंत. तो दिवस मला चांगला गेला. धीर करून मी तिच्या आईच्या भाषेत "गोठिया न" म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि चपलांकडे निघून गेली.

पोळ्याला मी माझ्या गावी, तिरोड्याकडे गेलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत, म्हणजे एका बाईचा पुतळा, काढतात. गावातलं दुखणं-खुपणं, माशा-डास सगळं तिच्यासोबत जावं म्हणून मुलं ओरडत शिवेपर्यंत जातात. आमच्या गावचा तो गोंधळ ऐकत होतो, पण डोक्यात तो कागदच होता. परतल्यावर द्यावाच लागणार होता.

सुटी संपली. एसटीतून उतरून शाळेकडे आलो तर फाटकाशी तिचा बाप उभा. मला वाटलं, कागद न्यायला आला.

"गोंदियाचं राहू द्या जी गुरुजी," तो म्हणाला.

"काय झालं?"

"मारबत घेऊन पोट्टे शिवेवर गेले नं. ओरडून ओरडून सारे थकले, चुप झाले. आन् मांगून एकटीच कोनी ओरडली, 'माशा-मुरकुटं घेऊन जा गे मारबत.' म्या तिथंच वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभा होतो."

"आवाज ओळखला तुम्ही?"

"कसा ओळखन जी? कधी आयकला होता? मुंडकं फिरवून पायलो तं हे. पोट्टे बी पाहूनच रायले. म्या तिच्यामांगं मांगं घरी आलो. आन् घरी आल्यावर मले म्हणते, 'बा, काऊन हासून रायला गा?'"