काउंट कुठे निघाले होते

होडी सापडल्याचा फोन आला तेव्हा मी सँडीफोर्डच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. बोलत होता डन लेरी बंदरावर होड्या सांभाळणारा डेक्लन. वादळ असो की धुकं, एरवी या माणसाचं सगळं 'ग्रँड', म्हणजे झकास, असतं. त्या दिवशी तो शब्द आलाच नाही. "होडी मिळाली," एवढंच म्हणाला. होडीत काउंट आहेत का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "रिकामी आहे."

काउंट म्हणजे आमचे घरमालक. फ्रान्सच्या जुन्या सरदार घराण्यातले, पण स्वस्थ बसणं अंगात औषधालाही नव्हतं. तरुणपणी मोटार घेऊन वाळवंट ओलांडायला निघाले, एकदा विमान भलत्याच शेतात उतरवून पाय मोडून घेतला, आणि मग एका पदच्युत राजाच्या पदरी राहिले. राज्य नाही, फौज नाही, भाड्याचा बंगला आणि त्यात दरबार! राजा वारल्यावर ते समुद्राच्या ओढीने आयर्लंडला आले आणि बंदरात एक छोटी होडी ठेवली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी त्यांच्या घरात वरची खोली घेतली. दिवाणखान्यात राजाची खुर्ची होती. तिच्यात बसायचं नाही, तिला पाठ दाखवायची नाही. ऐंशी ओलांडलेला हा गृहस्थ तिथून निघताना उलट्या पावलांनी दारापर्यंत जायचा. मी हसलो की म्हणायचे, "हसू नकोस, महाराज रागावतील." मला त्यांचा फार लळा होता.

पुढे बाबा गेल्यावर आई पुण्याहून माझ्याकडे राहायला आली. काउंटनी वाकून तिच्या हातावर ओठ टेकवले. "अगं बाई!" म्हणून ती चरकली, पण दिवसभर तो हात जपून वापरत होती. मग ते तिचे 'आपले सरदार' झाले. ती मराठीत बोलायची, ते फ्रेंचमध्ये, आणि मधे आल्याचा चहा. दोघांचं कधी काही अडलं नाही.

मागच्या हिवाळ्यापासून मात्र घराची कळा बदलली. काउंट भिंतीवरच्या तसबिरी एकेक करून उतरवू लागले. खिडकीशी तासन्‌तास उभे राहायचे. एकदा जेवताना सहज म्हणाले, "महाराजांचं बोलावणं आलंय." मला ती थट्टा वाटली. आईला मी मराठीत सांगितलं, तर तिने हातातला घास खाली ठेवला. "असं अभद्र बोलू नये म्हणावं त्यांना."

आणि एके सकाळी आई चहा घेऊन गेली तर काउंट त्या खुर्चीत बसलेले. "बसले बाई एकदाचे आरामात," ती कौतुकाने मला सांगत आली. मी तसाच दिवाणखान्याच्या दाराशी गेलो. एवढ्यात ते कोट चढवून आले. खुर्चीकडे सरळ पाठ करून, ताठ चालत, दारापर्यंत. बाहेर वारा उठला होता. मी विचारायला तोंड उघडलं तोच आईने माझं मनगट घट्ट धरलं. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही, अपशकुन होतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. काउंटनी तिला वाकून नमस्कार केला आणि ते बंदराकडे गेले. दुपारी डेक्लनचा तो फोन आला.

पुढे समुद्राने त्यांना परत दिलं, अंत्यविधी झाला. काही आठवडे लोटले तरी आईचा एकच प्रश्न, "मी तुला अडवलं नसतं तर ते थांबले असते का रे?" नसते थांबले, असं मी ठासून सांगतो. खरं मला माहीत नाही.

दिवाणखाना आता बंद असतो. आईने मात्र जन्मभर पाळलेला नियम सोडलाय. रोज सकाळी ती दार अडवून उभी राहते. "कुठे निघालास?" ऑफिसला, हे तिला माहीत असतं. तरी उत्तर मिळाल्याशिवाय बाजूला होत नाही. परवा मी चपला घालत होतो, तर स्वयंपाकघरातून धावत आली, हात पिठाचे.

"कुठे?"

"कचरा टाकायला, आई."

मी परत येईपर्यंत ती उंबऱ्यावर उभी होती.